फॅनुक ०आय-टीएफ आणि ०आय-एमएफ: बीडाच्या धुळीत बरेच महिने चालवल्यावर

आमची शेड कोल्हापूरजवळ, शिरोली एमआयडीसीत. काम जॉबवर्कचं: पंपाच्या बॉडी, फ्लँज, बेअरिंग हाउसिंग. म्हणजे बहुतेक बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं कास्टिंग, अधूनमधून ईएन-८ पोलादाचे शाफ्ट. टर्निंग सेंटरवर (सीएनसी लेथवर) फॅनुकचं ०आय-टीएफ कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक आहे, आणि व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) ०आय-एमएफ. दोन्ही मशीन नवीन घेतली आणि आता बरेच महिने दोन पाळ्यांत चालवतोय. कंट्रोल घेताना जो तो विचारतो, प्रोग्रॅमिंग सोपं आहे का. इतकं वापरल्यावर मी म्हणेन, तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की मशीन अडलं तर कशासाठी अडलंय हे कंट्रोल दाखवतं का. फॅनुक दाखवतं, आणि फार नेमकं दाखवतं. पण बघणारा पाहिजे.

सगळ्यात जास्त वैताग आणणारा प्रसंग म्हणजे अलार्म नाही, लाल दिवा नाही, सायकल स्टार्टचा दिवा लागलाय आणि मशीन ढिम्म. अशा वेळी बहुतेक शेडमध्ये रिसेट दाबतात, बंद-चालू करतात, शेवटी सर्व्हिसवाल्याला फोन. त्याऐवजी सिस्टिम बटण दाबून डायग्नोसिसचं पान उघडा. पहिल्या काही ओळींतच उत्तर असतं. ० क्रमांकाची ओळ १ झाली असेल तर कंट्रोल एखाद्या एम कोडचं (कूलंट, टेलस्टॉक अशा गोष्टी चालू-बंद करणाऱ्या हुकमाचं) काम पूर्ण झाल्याच्या सिग्नलची वाट बघतंय. ४ म्हणजे फीड ओव्हरराइड (टूलचा वेग कमी-जास्त करायचं बटण) शून्यावर आहे. ५ म्हणजे इंटरलॉक, सुरक्षेसाठी हालचाल अडवलेली. ६ म्हणजे स्पिंडल सांगितलेल्या आरपीएमला पोचल्याची खात्री अजून मिळालेली नाही. आमचा टेलस्टॉक (जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणारा भाग) असाच अडला होता. ० ची ओळ १ दिसली, मग पीएमसी लॅडर (मशीनचे स्विच आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा कंट्रोलमधला प्रोग्रॅम) उघडून बघितलं तर प्रेशर स्विचचा इनपुटच येत नव्हता. कनेक्टरमध्ये कूलंट शिरलं होतं. पुसला, हवा मारली, पुन्हा घट्ट बसवला आणि मशीन सुरू.

लॅडर म्हटलं की आपल्याकडची मुलं बिचकतात. चार अक्षरं पाठ असली की निम्मं भय जातं. एक्स म्हणजे मशीनकडून पीएमसीला येणारा सिग्नल, वाय म्हणजे पीएमसीकडून मशीनला जाणारा, जी म्हणजे पीएमसीकडून सीएनसीला आणि एफ म्हणजे सीएनसीकडून पीएमसीला. इमर्जन्सी स्टॉप सुटत नसेल तर आधी एक्स ८.४ बघायचं. तिथे सिग्नल नसेल तर बिघाड बटण, वायर किंवा लिमिट स्विचच्या साखळीत शोधायचा. आमच्या ऑपरेटरला मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय.

सर्व्होचे, म्हणजे अक्ष हलवणाऱ्या मोटर-ड्राइव्हचे अलार्म जरा अंग काढून घ्यायला लावतात, पण तिथेही घाई नको. एसव्ही ०४१० म्हणजे अक्ष थांबलेला असताना पोझिशनची चूक मर्यादेबाहेर गेली, ०४११ म्हणजे चालू असताना गेली. वाचल्या वाचल्या सगळे ड्राइव्ह किंवा मोटरकडे बोट दाखवतात. आमच्या झेड अक्षाला ०४११ यायला लागला तेव्हा अलार्म घालवत बसण्याऐवजी लोड मीटर लावून अक्ष हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. चकच्या बाजूला लोड चढत होता, दुसऱ्या बाजूला शांत. ड्राइव्ह बिघडला असता तर असा जागेनुसार फरक कशाला पडेल? टेलिस्कोपिक कव्हर काढलं तर खाली बीडाची भुकटी कूलंटमध्ये कालवून दगडासारखी घट्ट बसली होती आणि वायपर फाटलेला. बीडाचं काम करणाऱ्यांनी हे कव्हर ठरावीक दिवशी काढायचंच, अलार्मची वाट बघायची नाही.

आता प्रोग्रॅमिंग. लेथवर जी ७१ (रफिंग) आणि जी ७० (फिनिशिंग) या कोडवर माझा जीव आहे. तयार आकार एकदा लिहा, रफिंगच्या पासांचा हिशेब कंट्रोल करतं. जी ७६ ने आटे पाडताना पी आणि क्यू मध्ये दशांश बिंदू चालत नाही, आकडा मायक्रॉनमध्ये द्यायचा. एम २० बाय २.५ (२० मिमी व्यास, २.५ मिमी पिच) च्या बाहेरच्या आट्याची खोली साधारण १.५३४ मिमी, तर पी १५३४. जी ९६ लावलं की कटिंग स्पीड कायम राहतो, पण फेसिंग करत टूल मध्याकडे गेलं की आरपीएम चढत जातात. १८० मीटरच्या स्पीडला १०० मिमी व्यासावर सुमारे ५७३ आरपीएम, तेच १० मिमीवर ५७३०. वाकड्यातिकड्या कास्टिंगला एवढा वेग म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून जी ५० एस लिहून कमाल वेग बांधल्याशिवाय जी ९६ ची ओळ आमच्याकडे मंजूर होत नाही.

दशांश बिंदूचं वेगळं सांगायलाच हवं. पॅरामीटर ३४०१ चा शून्य नंबरचा बिट ० असेल तर प्रोग्रॅममध्ये टिंबाशिवाय लिहिलेलं एक्स १० (इथे एक्स म्हणजे अक्ष) म्हणजे १० मिमी नव्हे, ०.०१ मिमी. तोच बिट १ असेल तर १० मिमी. एकाच शेडमधल्या दोन मशीनवर हे वेगवेगळं सेट असू शकतं, आणि दुसऱ्या मशीनवरून आलेला प्रोग्रॅम वाचताना डोळ्यांना फरक कळत नाही. सेटिंग काहीही असो, टिंब लिहायचंच. नवीन पोरगा आला की मी पहिला हात यावर धरतो.

व्हीएमसीवर रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि फीडचा मेळ घालून टॅपने आटे पाडणं) उत्तम चालतं. आधी एम २९, मग जी ८४. एम १० बाय १.५ च्या आट्याला ४०० आरपीएम ठेवले तर फीड मिनिटाला ६०० मिमी, पिच गुणिले आरपीएम, गुणाकार सरळ आहे. बीडात मोठी ऑर्डर असली तरी आटे एकसारखे येतात. मॅक्रोने, म्हणजे आकडे बदलून पुन्हा पुन्हा वापरायच्या प्रोग्रॅमने, तर आमचं रोजचं काम पालटलं. फ्लँजची भोकं पीसीडी (भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) आणि भोकांची संख्या बदलून तीच तीच असतात. जी ६५ ने एकच मॅक्रो बोलावतो, पीसीडी, संख्या आणि सुरुवातीचा कोन देतो, बाकी साइन-कोसाइन कंट्रोल करतं. त्यात ३००० नंबरचं व्हेरिएबल वापरून स्वतःचा अलार्मही टाकलाय: संख्या शून्य दिली किंवा पीसीडी जॉबपेक्षा मोठा दिला तर टूल हलण्याआधीच मशीन थांबतं. स्क्रीनवर आकार भरून प्रोग्रॅम करायची मॅन्युअल गाइड आय ही सोय एखाद-दुसऱ्या शाफ्टला छान आहे, विशेषतः नवशिक्यांना. सारख्या जातीच्या जॉबना मात्र मॅक्रोच बरा.

बॅटरीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक कंट्रोलच्या मेमरीची, प्रोग्रॅम आणि पॅरामीटर सांभाळणारी. दुसरी अक्षांच्या ॲब्सोल्यूट एन्कोडरची, मशीन बंद असतानाही जागा लक्षात ठेवणारी. दुसरी बदलताना कंट्रोल चालूच ठेवायचं आणि इमर्जन्सी दाबून ठेवायची. बंद करून काढली तर जागा पुसली जाते, डीएस ०३०० अलार्म येतो आणि रेफरन्स (अक्षाची मूळ जागा) पुन्हा लावायला लागतो. स्क्रीनखाली बॅट (BAT) ही बॅटरीची खूण लुकलुकली किंवा डीएस ०३०७ आला की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ढकलू नका, सुट्टीत मशीन बंद असतं तेव्हाच ती बॅटरी खर्च होते. खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून पूजा होतेच, तर त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही बॅटऱ्या बदलतो, प्रत्येक अक्षाच्या रेफरन्स जागेची खूण तपासतो आणि बूट स्क्रीनवरून एसरॅमचा (कंट्रोलच्या बॅटरीवरच्या मेमरीचा) पूर्ण बॅकअप मेमरी कार्डवर घेतो. एक प्रत शेडमध्ये, एक घरी.

तक्रार आहे ती मशीन विकणाऱ्याबद्दल. १००० च्या पुढचे ईएक्स अलार्म फॅनुकचे नसतात, मशीन बांधणाऱ्याने लॅडरमध्ये लिहिलेले असतात. आम्हाला मशीनबरोबर त्यांची यादी मिळाली ती अर्धवट, इलेक्ट्रिकल ड्रॉइंगवरचे वायर नंबर पॅनेलमधल्या नंबरांशी जुळेनात. मागून मागून दमलो तेव्हा सुधारलेली प्रत आली. इतकं बोलकं कंट्रोल, आणि त्याला जोडलेल्या तारांचा कागद मुका, हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून नवीन मशीन घेणाऱ्यांनो, शेवटचा हप्ता देण्याआधी हे हातात घ्या: जुळणारं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, एम कोडची पूर्ण यादी, ईएक्स अलार्मची कारणांसकट यादी, पॅरामीटर आणि लॅडरचा बॅकअप असलेलं कार्ड, आणि लॅडर बघायला पासवर्ड लावलेला नाही याची खात्री. ती खात्री कागदावर नको. इंजिनिअर समोर उभा असताना लॅडरचं पान आपल्या हाताने उघडून बघा, टेलस्टॉक पुढे-मागे करा आणि एक्सचा सिग्नल बदलताना डोळ्यांनी दिसला की मगच सही करा.