ठासणीची बंदूक घरी जोडायची, तर किट कुठलं?

कोकणात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात रानडुकरं शिरली की ते ओसरीवर बसून दारू ठासायचे आणि आम्हा पोरांना खांबापलीकडे यायला बंदी असायची. पुढे पेन्सिल्व्हेनियात आलो. इथल्या लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात घडवलेली लांब नळीची रायफलही याच घराण्यातली, आणि लोक ती आजही किट आणून घरी जोडतात. मी स्वतःसाठी दोन जोडल्या, एकीला मित्रासोबत हात लावला. तीन किटं, तीन तऱ्हा.

आधी कायद्याचं. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे ठासणीची बंदूकही अग्निशस्त्रच आहे. ती बाळगायला परवाना लागतो आणि बनवायला वेगळा. आजोबांच्या परवान्यावर बंदूक बनवता आली नसती, त्यामुळे भारतातल्या वाचकांनी हे फक्त वाचावं. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यात अशा रायफलींना ‘अँटिक’ म्हणून सूट आहे, पण राज्याराज्यांत फरक पडतो. शेजारच्या न्यू जर्सीत ती साधी बंदूकच धरली जाते. ऑर्डर द्यायच्या आधी आपल्या राज्याचे नियम वाचा.

सगळ्यात स्वस्त ट्रॅडिशन्स कंपनीचं किट, स्पेनमध्ये बनलेलं. काहीशे डॉलरमध्ये काम होतं. नळी आणि लॉक (बार उडवणारी घोड्याची यंत्रणा) जवळजवळ बसलेलंच येतं. आपल्याला लाकूड घासायचं, रंगवायचं आणि नळीला निळसर किंवा तपकिरी झाक चढवायची. मित्राने हेच घेतलं, केपाचं (केप म्हणजे ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी), आणि चार-पाच शनिवार-रविवारांत बंदूक उभी राहिली. ज्याला काम फार करायचं नाही, टार्गेटवर बार काढून बघायचाय, त्याने बिनधास्त घ्यावं. मात्र लाकूड बीचचं असतं, त्यात मेपलसारखे पट्टे नसतात, आणि दस्ता कितीही तासला तरी जुन्या रायफलीची सडपातळ रेघ त्यातून निघत नाही.

केप की गार (ठिणगी पाडणारा गारगोटीचा तुकडा), हा प्रश्न किटच्याही आधीचा आहे. केपाच्या बंदुकीत घोडा केपावर आपटतो, ठिणगी थेट आत जाते. गारेच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातली गार पोलादावर घासते, ठिणग्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात आणि तिथून आग कानातून नळीत शिरते. (नळीच्या त्या भोकाला आपल्याकडे ‘कान’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो.) या साखळीतलं सगळं लॉकवर अवलंबून असतं: पोलाद किती कडक, स्प्रिंगांचा जोर एकमेकींना कसा जुळलाय, गार कुठल्या कोनात येते. म्हणून गारेची हवी असेल तर लॉकवर पैसे वाचवू नयेत, आणि बजेट लहान असेल तर केपच घ्यावं. पण पेन्सिल्व्हेनियात नाताळनंतरच्या हरणांच्या हंगामात, जो १९७४ पासून चालू आहे, गारेचीच बंदूक चालते. त्या हंगामासाठी घेणार असाल तर केप बाद.

उरले दोन, दोन्हींची किंमत हजार डॉलरच्या वर: ओहायोतलं किबलर आणि नॉर्थ कॅरोलिनातलं चेंबर्स. दोन्हींची लॉकं उत्तम. फरक लाकडात आहे.

चेंबर्सच्या किटमध्ये दस्ता ढोबळ कोरलेला येतो. नळीची खाच आणि गजाचं (दारू ठासायच्या दांड्याचं) भोक तयार असतं, बाकी बरंचसं आपण. मी आधी हेच घेतलं, सुतारकामाचा अनुभव नसताना. लॉक बसवताना धातूला मेणबत्तीची काजळी लावायची, लाकडावर दाबायचं, काळा डाग उठेल तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. एका संध्याकाळी एक मिलिमीटरही खाली जात नाही. मी घाई केली, पटाशी केसभर जास्त गेली, आणि लॉकच्या पुढच्या टोकाशी आजही फट दिसते. लॉकचा पुढचा स्क्रू गजाच्या भोकाला चाटून जाणार नाही, हे मापून भोक पाडताना तर घाम फुटतो. यात शिकायला अफाट मिळतं, फक्त पहिल्या फेरीत त्याची किंमत महागडं मेपल मोजतं.

किबलरचं लाकूड संगणकी यंत्रावर इतकं नेमकं कापलेलं असतं की लॉक खाचेत ठेवलं की बसतं. यात काय शिकायचं, असं विचारणारे भेटतात. मला ते पटत नाही. पितळेचे ओतीव भाग कानशीने साफ करायचे, कडा जुळवायच्या, ओलं फडकं फिरवून लाकडाचे तंतू उभे करायचे आणि पुन्हा घासायचे, गज बसवायचा. एवढ्यातच महिना जातो. आणि मग लोह मुरवलेलं नायट्रिक आम्ल लाकडाला फासायचं. मेपल हिरवट-राखाडी, अगदी शेवाळल्यासारखं होतं. हीट गन फिरवली की दहा सेकंदांत तांबूस होतं आणि वाघाच्या अंगावरचे पट्टे उमटतात. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली रायफल किबलरची, गारेची. खाचा कोरण्याआधी चांगली रायफल हातात कशी बसते, तिची कड कुठे संपते, हे बोटांना कळलेलं असावं. मी उलट्या क्रमाने गेलो आणि चेंबर्सचं सुंदर लाकूड त्यात गेलं. सुतारकाम येत असेल, पटाशीला धार लावता येत असेल, तर मात्र थेट चेंबर्सकडे जा. तुम्हाला किबलरमध्ये काम कमी वाटेल.

किटसोबत तीन-चार जादा गारा मागवा, गार जबड्यात धरायला चामड्याचा तुकडा लागतो तोही. दारू फक्त काळी, किंवा ठासणीच्या बंदुकीसाठीच बनवलेला तिचा पर्याय. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू या नळीत चिमूटभरही घालायची नाही, तिच्या दाबाने नळी फुटते.