गोधडीचे उद्दिष्ट : तारखेचे की ओळींचे?
खानदेशात घरी गोधडी शिवायला घेताना अनेकजणी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची तारीख धरतात, कारण माहेरी आलेल्या लेकीबरोबर ती पाठवता येते. तारखेमुळे कामाला निकड येते हे खरे. मात्र कापूस वेचणी उरकेपर्यंत हात रिकामे होत नाहीत आणि पुढे जळगावचा पारा ४० अंशांपलीकडे गेल्यावर मांडीवर जाड गोधडी घेऊन बसवत नाही. मग शेवटच्या आठवड्यात टाके लांब पडतात, आणि पहिल्याच धुण्यात आतली लुगडी गोळा होतात.

दुसरा मार्ग रोजच्या ओळी ठरवण्याचा. साडेचार फूट रुंदीवर दोन-दोन सेंटीमीटर अंतराने उभा धावदोरा घातल्यास साधारण ६८ ओळी होतात. रोज चार धरल्या तर १७ दिवस, शिवाय थर अंथरून कच्चे टाके घालण्याचा वेळ निराळा. थर वाढले की सुई सहज आरपार जात नाही, तेव्हा दोनच ओळी धराव्यात.

माझा कल ओळींकडे आहे. तारीख बाळाच्या दुपट्याला शोभते. ते लहान असते, आणि बाळंतपण काही कोणासाठी थांबत नाही.