आधी फास्टर फेणे की आधी ज्यूल व्हर्न?

दहाएक वर्षांच्या मुलासाठी भा. रा. भागवतांची पुस्तकं घ्यायची आहेत, पण सुरुवात कशाने करावी, या पेचात बरेच पालक असतात. एकीकडे त्यांचा फास्टर फेणे, दुसरीकडे त्यांनी मराठीत आणलेला फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न.

वाचायला सोपा अर्थातच फेणे. फुरसुंगीचा बनेश पुण्यात शिकायला येतो, सायकलवर टांग मारतो आणि संकटात उडी घेतो. वाक्यं छोटी, संवाद खटकेबाज. त्याचं ‘ट्टॉक्’ मोठ्याने वाचलं की ऐकणारं मूल लगेच जीभ टाळूला लावून बघतं! क्रमाची अटही नाही. हाती येईल ते पुस्तक उघडावं.

व्हर्नच्या ‘चंद्रावर स्वारी’ला मात्र धीर लागतो. तोफेतून चंद्राकडे गोळा सोडायचा, तर आधी ती अजस्र तोफ ओतायला हवी, हिशेब मांडायला हवेत. काही मुलं इथेच कंटाळतात. ज्यांना ‘पण हे होईल कसं?’ असं विचारायची सवय आहे, ती इथेच रमतात.

भाषेच्या बाबतीत माझ्या मते दोन्ही सारखीच सकस. १९१० साली जन्मलेल्या भागवतांनी ‘बालमित्र’ मासिकही चालवलं. मुलांशी बोलायचं कसं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

वाचनाचा कंटाळा असेल किंवा रात्री वाचून दाखवायचं असेल, तर फेणे घ्या. खेळणी उघडून आत काय आहे ते बघणाऱ्या मुलाला थेट व्हर्न द्या.