सांगलीतल्या घरकुलांची अग्निसुरक्षा देखभाल: यंत्रकाम चोख, पाठपुरावा लंगडा

पालिकेची घरकुलं आणि कर्मचारी वसाहतींमधल्या आग विझवण्याच्या यंत्रणेची देखभाल करणाऱ्या सांगलीतल्या एका परवानाधारक एजन्सीच्या वार्षिक कराराचं हे परीक्षण. माणसं कामात तरबेज आहेत, हत्यारं पूर्ण घेऊन येतात. सापडलेला दोष शेवटास नेण्यात मात्र सेवा कमी पडते, आणि घरकुलात गाडी अडते ती नेमकी तिथेच.

२००६ च्या राज्य कायद्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन सादर करायचं असतं. घरकुलात मालक पालिका आणि राहणारे लाभार्थी. एजन्सी दोष लिहून देते, दुरुस्तीचं एस्टिमेट पालिकेच्या टेबलावर पडून राहतं आणि तोवर पुढचा फॉर्म येतो.

सिलिंडरचं काम उत्तम. एबीसी पावडरच्या (आग विझवणाऱ्या कोरड्या भुकटीच्या) सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा हिरव्यात आहे एवढं पाहून हे थांबत नाहीत, सिलिंडर उलटा करून पावडर सुटी आहे का तेही तपासतात. वर्षानुवर्षं एका जागी टांगलेल्या सिलिंडरमध्ये पावडर तळाला दगडासारखी बसते. काटा हिरव्यात असूनही नळीतून नुसता वायू सुटतो. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) सिलिंडरला काटाच नसतो, म्हणून तो वजन करूनच पाहावा लागतो. आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर रिफिल. ही एजन्सी वजनकाटा सोबत आणते, याचे पूर्ण गुण. रहिवाशांनी कागदी स्टिकरवर विसंबू नये. सिलिंडरवर नोंदवलेली हायड्रॉलिक चाचणीची, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली टाकी तपासल्याची, तारीख बघावी. पावडरच्या सिलिंडरला ही चाचणी तीन वर्षांनी, सीओटूला पाच वर्षांनी.

होजरीलची, म्हणजे ड्रमवर गुंडाळलेल्या पाण्याच्या रबरी नळीची, चाचणी मात्र चुकीच्या मजल्यावर होते. गच्चीवरच्या टाकीतून पाणी नुसतं उताराने येत असेल तर दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. त्यामुळे तळमजल्यावर धार झकास दिसते आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली, नळातल्यासारखं पाणी येतं. तिथे दाब देतो तो गच्चीवरचा बूस्टर (दाब वाढवणारा) पंप. म्हणून पंप चालू करून वरच्याच मजल्यावर पूर्ण रबरी नळी उलगडायला लावा आणि धार शेवटच्या दारापर्यंत पोचते का ते पाहा. नळी ड्रमला जोडली जाते तिथल्या पहिल्या वळणावर रबर आधी तडकतं. ते ड्रम गुंडाळलेला असताना दिसत नाही. गनमेटल या महाग मिश्रधातूचे नोझल आणि लँडिंग व्हॉल्व्हच्या (मजल्यावर नळी जोडायच्या मोठ्या नळाच्या) टोप्या चोरीला जाऊन भंगारात जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. करारात त्यांची बदली धरलेली नाही, म्हणून नोझल ठेवायचा डबा रिकामाच राहतो.

उंच इमारतीत, जिथे रायझर (पाणी वर नेणारा उभा पाइप) आणि जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) आहे, तिथे एक दोष पुन्हा पुन्हा सापडतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न येऊ देणारी झडप) किंवा ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीची गळती रोखणारी जागा) गळते, दाब उतरतो, जॉकी सारखा सुरू-बंद होतो. आवाजाला वैतागून कुणीतरी पॅनेलवरचा स्विच ऑटोवरून काढतं. मग आग लागली तरी पंप आपोआप सुटत नाही. एजन्सी स्विच परत ऑटोवर करून निघून जाते. गळतीचं मूळ तसंच. ग्लँडची दोरी बदलणं आणि व्हॉल्व्हची सीट घासून बसवणं हेच खरं काम, तेच लिहून मागा. पंपाची वीज इमारतीच्या मेन स्विचच्या आधीच वेगळी घेतलेली हवी, नाहीतर आगीत मेन पाडला की पंपही मेला.

सगळ्यात कच्चं काम डक्टचं, म्हणजे केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं. जिन्याखालच्या मीटर पॅनेलमधून केबल वर जातात, प्रत्येक स्लॅबला भोक उघडं असतं आणि धूर त्यातूनच चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत पोचतो. इथे साधा पीयू फोम (फुगून भोक भरणारा प्लास्टिकचा फेस) मारलेला आढळतो. तो स्वतःच पेटतो. रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) ठासून वरून फायर सीलंट (आगीत टिकणारा लेप), हीच पद्धत. नवी केबल ओढली की भोक पुन्हा बुजवायचं.

कृष्णाकाठचा एक मुद्दा करारात नाहीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुराचं पाणी शिरलेल्या पंपरूममध्ये मोटार वाळवून मेगर या मीटरने तारांचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय बटण दाबलं तर वाइंडिंग (मोटारीतली तारांची गुंडाळी) जळतं. टाकीतला गाळही काढावा लागतो, नाहीतर फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढ पाइपाच्या तळाची झडप) नीट बसत नाही आणि पंप हवा धरतो.

करार घ्यायला हरकत नाही, पण अटी वाढवून घ्या. वॉशर, ग्लँड, नोझल दरासह करारातच. प्रत्येक दोषापुढे जबाबदार कोण, तारीख आणि दुरुस्तीनंतरची फेरचाचणी. दोषयादीची एक प्रत पालिकेत आवक क्रमांकासह, दुसरी सोसायटीच्या फलकावर. आणि यादी एप्रिलमध्येच मागवा. मंजुरीला वेळ लागतो, पावसात गच्चीवरचं वायरिंग उघडता येत नाही, आणि जुलै तोंडावर आला की एजन्सी दुरुस्तीपेक्षा फॉर्मच्या मागे लागते.