झेब्रा माशांसाठी सांगलीतले एक दुकान: मासे घ्यावेत, हीटर घेऊ नये

पदवीच्या वर्गाला भ्रूणविज्ञान शिकवताना कोंबडीच्या भ्रूणाच्या 33 तासांच्या आणि 48 तासांच्या तयार काचपट्ट्या दाखवायच्या आणि वहीत आकृती काढून घ्यायची, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची रीत आहे. त्या काचपट्टीत हृदय असते, पण ते रंगवून, वाळवून चिकटवलेले असते. धडधडणारे हृदय मुलांना दाखवायचे म्हणून यंदा डिसेंबरात आम्ही पारदर्शक कवचाची अंडी घालणारे झेब्रा मासे पाळायचे ठरवले आणि त्यासाठी सांगली-मिरज रस्त्यालगतच्या, शोभेच्या माशांच्या एका लहानशा दुकानात गेलो. घरात मत्स्यालय ठेवणाऱ्यांसाठी अशा दुकानांची ओळख पुष्कळ जण करून देतात; प्रयोगशाळेच्या गरजेसाठी ते कितपत उपयोगी पडते, एवढेच येथे नोंदवत आहे.

दुकानदाराने आधी गुलाबी आणि हिरवे चमकणारे मासे पुढे केले. हेही मुळात झेब्रा मासेच. 1999 मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात या माशात चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातले गेले, त्या वाटेने आलेली ही जात. आम्हाला अंगावर निळसर आडवे पट्टे असलेला साधा मासा हवा होता, जो मूळचा गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आणि ज्याचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने 1822 मध्ये केले. तो होता, जोडीला 40 रुपयांना. नर आणि माद्या वेगळ्या करून द्या म्हटल्यावर दुकानदार हसून म्हणाला, “मॅडम, ह्यात नर-मादी कोण बघतंय? लोक डझनावर नेतात.” तरीही त्याने जाळी हातात घेतली, टाकीच्या काचेला मागून बॅटरी लावली आणि पोटाला फुगीर, चंदेरी दिसणाऱ्या माद्या एका पिशवीत, सडपातळ आणि पोटाखाली पिवळसर झाक असलेले नर दुसऱ्या पिशवीत भरले. बारा माशांत त्याची एकच निवड चुकली. या कामाला पाऊण तास लागला आणि त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत. नळाचे पाणी आज भरून ठेवा, क्लोरीन उडून जाऊ द्या आणि उद्या मासे सोडा, हा सल्लाही त्याने न विचारता दिला.

मासे उत्तम निघाले. महिनाभरात एकही दगावला नाही. हा मासा उजाडताच अंडी घालतो आणि लगेच स्वतःच ती खातो, म्हणून टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर द्यावा लागतो. त्या गोट्याही याच दुकानात मिळाल्या. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून पाण्यात किंचित टाकायचे मिथिलीन ब्ल्यूही तिथलेच, कारण माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर औषध म्हणून ते तिथे कायम असते.

हीटरने मात्र घात केला. झेब्रा माशाच्या भ्रूणाला 28.5 अंश तापमान मानवते आणि 33 अंशांच्या वर वाढ बिघडते. सांगलीत डिसेंबरातली रात्र चांगलीच गार असते, म्हणून अंड्यांच्या टबासाठी दुकानदाराने शिफारस केलेला हीटर घेतला आणि चकती 28 वर ठेवली. सकाळी तापमापक 35 दाखवत होता आणि सगळी अंडी साबुदाण्यासारखी पांढरी पडली होती. पावती होती, तरीही “विजेची वस्तू परत होत नाही” असे सांगून दुकानदाराने बोळवण केली. ज्या माणसाने माशांसाठी पाऊण तास दिला, त्याचे हे बोलणे जास्त खटकले.

दुसरा हीटर आणून तिसऱ्या खेपेला मात्र जमले. फलनानंतर साधारण चोवीस तासांनी अंड्याच्या पारदर्शक कवचाआड हृदयाची साधी नळी आकुंचन पावू लागली. दोन बाजूंनी मध्यरेषेकडे आलेल्या पेशींच्या दोन समूहांतून ही नळी बनते, हे मुलांनी पाठ केलेले होते, पण ती हलताना पाहून एक विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकापुढून उठायला तयार होईना. पुढे नळी वळून कर्णिका आणि जवनिका हे दोन कप्पे वेगळे दिसू लागले. दोन दिवसांच्या भ्रूणात त्याच विद्यार्थिनीने पंधरा सेकंदांत तीस ठोके मोजले आणि एकेक रक्तपेशी शेपटीकडे जाऊन परत येताना पाहिली. या वयाच्या भ्रूणाला त्वचेतून झिरपणारा प्राणवायू पुरतो, त्यामुळे हृदय बिघडलेला भ्रूणही काही दिवस जगतो; हृदयाच्या घडणीतले दोष अभ्यासायला संशोधक हा मासा निवडतात त्याचे हे एक मोठे कारण.

दुसरे कारण मुलांनीच विचारले: हृदय कापले तरी पुन्हा वाढते, हे खरे का? खरे आहे. 2002 मध्ये पॉस, विल्सन आणि कीटिंग या संशोधकांनी प्रौढ माशाच्या जवनिकेचा सुमारे पाचवा भाग कापला आणि दोन महिन्यांत तिथे नवा स्नायू आला. आधी रक्ताची गुठळी जखम बुजवते, मग शेजारच्या शाबूत स्नायूपेशी आपली घट्ट बांधणी थोडी सैल करून पुन्हा विभागू लागतात. हे 2010 मध्ये स्पष्ट झाले. माणसाच्या हृदयात झटक्यानंतर त्या जागी व्रण राहतो, कारण आपल्या स्नायूपेशी जवळजवळ विभागत नाहीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर काम चालते. आम्ही अर्थातच सुरी हातात घेतली नाही; त्यासाठी परवानग्या लागतात आणि हातही तसा तयार लागतो.

तेव्हा मासे, गोट्या आणि औषध या दुकानातून खुशाल घ्यावे, मात्र संध्याकाळी जावे, कारण सकाळी दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि निवडून द्यायला त्याला सवड नसते. नर-मादी वेगळे हवेत हे पिशवी भरण्याआधी सांगावे. हीटर दुसरीकडून घ्यावा आणि अंडी ठेवण्यापूर्वी एक रात्र नुसत्या पाण्यात चालवून तापमापकाशी ताडून पाहावा. आमच्या पुढच्या तुकडीसाठी सहा जोड्या त्याच दुकानात सांगून ठेवल्या आहेत.