सहावी ते आठवीच्या वर्गप्रकल्पांसाठी स्क्रॅच: वापरून पाहण्याआधी हे वाचा

स्क्रॅच म्हणजे रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्रॅम बनवण्याची भाषा. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेली ही भाषा आजही पूर्ण मोफत आहे. सहावी ते आठवीच्या मुलांकडून स्वतःचं काही घडवून घ्यायचं असेल, तर आमची पहिली पसंती स्क्रॅचलाच. तयार टेम्प्लेटमधली चित्रं बदलून देखणं पोस्टर होतं, पण जलचक्र कळलं की नाही ते त्यातून समजत नाही. स्क्रॅचमध्ये वाफ वर न्यायची तर ती कुठून निघते, कुठे थांबते आणि मग काय होतं, हे मुलालाच सांगावं लागतं. चुकलं की वाफ जमिनीत शिरते आणि सगळ्या वर्गाला दिसते.

गणितालाही मोठा फायदा आहे. स्टेज, म्हणजे चित्रं हलतात तो पडदा, ४८० बाय ३६० ची, मध्यभागी शून्य. एक्स -२४० ते २४०, वाय -१८० ते १८०. ऋण संख्या नुकत्याच शिकलेल्या मुलांना त्या इथे रोज लागतात, आणि पुढे येणारी निर्देशक भूमिती हाताखालून आधीच गेलेली असते.

सुरुवातीला पाऊस पाडून घ्यावा. थेंबाचं एकच स्प्राइट (पडद्यावर हलणारं चित्र), उंची साधारण २० एकक. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली ‘हाइड’ (लपव), मग सतत चालणाऱ्या ‘फॉरएव्हर’ फेरीमध्ये ‘क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ’ (स्वतःची प्रत, म्हणजे क्लोन, बनव) आणि ०.१ सेकंद ‘वेट’. ‘व्हेन आय स्टार्ट अॅज अ क्लोन’खाली एक्स -२४० ते २४० मधला कुठलाही आणि वाय १७० अशी जागा, ‘शो’, मग वाय -१७० पेक्षा कमी होईपर्यंत दर फेरीला -५ ने बदल, शेवटी ‘डिलीट धिस क्लोन’. एका वेळी विसेक थेंब दिसतात, जुनं मशीनही दमत नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. ‘डिलीट’ विसरलं की पाऊस अर्ध्या मिनिटात थांबतो, कारण एका प्रोजेक्टमध्ये एका वेळी ३०० च क्लोन राहू शकतात. ‘शो’ विसरलं की काहीच दिसत नाही, कारण मूळ थेंब लपलेला असतो आणि क्लोन तसाच जन्मतो. सगळ्यात छळणारी चूक म्हणजे वायची अट -२०० अशी लिहिणं. स्क्रॅच स्प्राइटला पूर्णपणे स्टेजबाहेर जाऊ देत नाही, म्हणून छोटा थेंब -२०० पर्यंत पोचतच नाही, फेरी संपत नाही आणि थेंब तळाशी साचत जातात. त्याऐवजी ‘टचिंग एज’ लावलं तर वरच्या काठाला टेकलेला थेंब निघण्याआधीच गायब होतो. ही कारणं शिक्षकाला माहीत असावीत, पण लगेच सांगून टाकू नयेत. मुलांनी पाच मिनिटं शोधलं, तर त्यांना अट म्हणजे काय ते नीट कळतं.

संवाद असलेल्या नाटुकल्यात मुलं ‘वेट’चे सेकंद जुळवत बसतात आणि एक वाक्य वाढलं की पुढचं सगळं घसरतं. तिथे ‘ब्रॉडकास्ट’ वापरायला लावा, म्हणजे एका पात्राचं बोलणं संपलं की ते संदेश पाठवतं आणि तो मिळाल्यावरच दुसरं बोलतं.

मराठीत काम करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. बोलण्याचे फुगे आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. पण प्रश्नमंजूषेत मुलाने उत्तर देवनागरी अंकांत टाइप केलं, तर स्क्रॅच ती संख्या मानत नाही आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. आकड्यांसाठी कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. ‘सिंधुदुर्ग’मधला एक उकार दीर्घ झाला किंवा शेवटी एक जागा जास्त सुटली, तरी उत्तर चुकतं, म्हणून किल्ल्यांच्या प्रश्नांना १, २, ३ असे पर्याय द्यावेत. शब्दखेळात तर मोठी अडचण आहे: काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे ‘रायगड’ची लांबी ४ नव्हे, ५ येते. अक्षरं ओळखण्याचा खेळ मराठीत करायचा असेल तर प्रत्येक अक्षर यादीत हाताने भरावं. थोडं कष्टाचं आहे, पण नीट चालतं.

शाळेचं इंटरनेट भरवशाचं नसेल तर ऑफलाइन अॅप घ्या. त्याला विंडोज १० किंवा पुढचं लागतं, विंडोज ७ वरच्या लॅबमध्ये ते चालणार नाही. मजकूर वाचून दाखवणारं आणि भाषांतराचं एक्स्टेन्शन (जादा ब्लॉकचा संच) नेटशिवाय बंद राहतं. पेन आणि संगीताचं चालतं. मोबाइलवर ब्लॉक ओढणं त्रासाचं होतं, टॅबवर जमतं. ऑनलाइन वापरायचं तर शिक्षक खातं काढा. मग मुलांची खाती त्यांच्या ईमेलशिवाय तयार करता येतात. त्या खात्यांना खरी नावं देऊ नका, कारण शेअर केलेला प्रोजेक्ट जगभर कुणालाही दिसतो. लॉगिन न करता केलेलं काम टॅब बंद होताच जातं.

एका प्रकल्पाला चार तासिका पुरतात: पहिली कागदावर चौकटी आखायला, दुसरी चित्रांना, तिसरी ब्लॉकना, चौथी आवाज आणि सादरीकरणाला. एका संगणकावर दोघंच, आणि दर १० मिनिटांनी माउस दुसऱ्याकडे. आवाज वर्गाबाहेर जाऊन रेकॉर्ड करावा, नाहीतर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये शेजारच्या गटाचं भांडण ऐकू येतं. तासिका संपायच्या ५ मिनिटं आधी फाइल जतन करून घ्या. आधी नाव बदला, ‘७अ-गट३’ असं. तसं केलं नाही तर डाउनलोड फोल्डरमध्ये एकाच नावाच्या डझनभर फाइली जमतात आणि पुढच्या तासिकेचा अर्धा वेळ कुणाची कुठली हे शोधण्यात जातो.