गीक बातम्यांचा पॉडकास्ट: एका खोलीत की आपापल्या घरून?

ट्रेलर, गेमच्या तारखा, कॉमिक्समधल्या घडामोडी या बातम्या चार दिवसांत शिळ्या होतात. म्हणून चौघा मित्रांनी पॉडकास्ट काढायचा तर माइक कुठला, याच्याआधी रेकॉर्डिंग कुठे, हे ठरवावं.

एका खोलीत गप्पा रंगतात, यात वादच नाही. कोण बोलणार हे नजरेनेच कळतं. पण एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि मग बोलण्यावर आलेला खोकला कापता येत नाही. त्यासाठी डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचा आवाज पकडणारा) तोंडापासून चार बोटांवर ठेवा. दोन माइकमध्ये तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट, शक्यतो तीन फूट अंतर हवं. चार यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला जोडायच्या फंदात पडू नका. चार एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक-केबलच्या) इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, किंवा झूम एच६सारखा रेकॉर्डर घेतला की प्रत्येकाचा ट्रॅक, म्हणजे आवाजाची पट्टी, वेगळा मिळतो. खर्च इथेच वाढतो.

घरून करताना कॉलचं रेकॉर्डिंग वापरू नका. नेट अडखळलं की शब्द गळतात. कॉल फक्त ऐकण्यापुरता. प्रत्येकाने ऑडॅसिटी या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा आवाज मोनो (एकाच चॅनेलवर), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करून डब्ल्यूएव्ही फाइल पाठवायची; तासाला साधारण ५२० एमबी होतात. सुरुवातीला 'तीन, दोन, एक' म्हणत सगळ्यांनी टाळी वाजवायची. त्या टाळ्या जुळवल्या की ट्रॅक जवळपास जुळतात, उरलेलं कानाने सारखं करायचं. शेवटीही टाळी हवीच. दोन कॉम्प्युटरांची घड्याळं तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत, त्यामुळे तासाभरात ट्रॅक सेकंदाच्या एक-दोन दशांशाने सरकू शकतो आणि विनोद संपायच्या आधीच हसू ऐकू येतं. हेडफोन वायरचेच घ्या: ब्लूटूथचा माइक सुरू झाला की आवाज बहुधा फोनवरच्यासारखा दबका होतो, आणि स्पीकर लावला तर बाकीच्यांचा आवाज तुमच्या ट्रॅकवर येतो.

एडिटिंगला घरून जास्त वेळ लागतो. तरी आठवड्याच्या बातम्यांसाठी आमचं मत घरच्याच बाजूने आहे. जुलैत सॅन दिएगो कॉमिक-कॉन या अमेरिकेतल्या मोठ्या मेळाव्यात घोषणांचा पाऊस पडतो, तेव्हा त्याच रात्री तासभर जमणं एवढंच महत्त्वाचं असतं. चौघांनी एकत्र यायची वाट पाहिली तर विषय हातचा जातो. महिन्यातून एकदा एखाद्या मालिकेवर सविस्तर चर्चा करायची असेल तर मात्र खोलीच घ्या, पडदे आणि गालिचा असलेली. घुमणारा आवाज नंतर नीट काढता येत नाही.

दोन्हीकडे स्पॉयलर शेवटच्या भागात ठेवा आणि अंतिम फाइल स्टिरिओ असेल तर उणे १६, मोनो असेल तर उणे १९ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो हे मोजायचं एकक) आणा.